शेजारधर्म

"आधी तू घे, मग मी," घड्याळजी हटून बसले.

शिंपीणबाईंनी मुकाट्यानं मान वर केली. घड्याळजींनी एका बाटलीतून त्यांच्या नाकात फवारा मारला, मग दुसऱ्या बाटलीतून स्वतःच्या. रोजचंच होतं हे. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण खरं, पण पहिल्यात एवढ्या मिशा नसतात! आपल्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी असणार, हे बाईंना ठाऊक होतं. आजारी माणसाची समजूत काढायला तेवढं करावंच लागतं.

बाईंची खोली वरच्या मजल्यावर, शिलाई मशीनही तिथंच. खालच्या घड्याळजींची बायको गेली आणि त्यांना विसरायचा आजार जडला. एका सकाळी बाई चौकशीला म्हणून खाली आल्या, तर हे म्हणाले, "अगं, आलीस? चहा थंड होतोय."

अगदी बायकोला मारावी तशी हाक. बाई चपापल्या. पण बुडत्याच्या हातातली काडी काढून घ्यायची कशी? त्या "आले" म्हणाल्या, आणि त्या एका शब्दानं दुसऱ्या बाईचा संसार त्यांच्या गळ्यात पडला.

तक्रार मुळीच नव्हती. स्वयंपाकघरात हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जाई. घरं काय, सगळी सारखीच. त्या बायकोचे ब्लाउज कपाटात होते. घड्याळजींच्या आग्रहाखातर एक घालून पाहिला, तर कुठं टीप मारायला नको की उसवायला नको. दुसरीच्या मापाचं असं आयतं अंगाला बसणं विरळाच, शिंपिणीला विचारा.

शिवाय घड्याळजी गोड माणूस. बायको गेलेली विसरले, पण थट्टा करायची विसरले नव्हते. रस्ता ओलांडताना बाईंचा हात धरायचे आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं मात्र राहून जायचं. बाईंचा जीव जडला होता त्यांच्यावर. या वयात! कुणाला सांगायची सोय नव्हती.

डॉक्टरीणबाई औषधाबद्दल बोलायच्या ते बाईंशीच. "काकू, मेंदूत पेप्टाइड नावाचे निरोप्ये असतात. त्यातला एक सोमॅटोस्टॅटिन. या आजारात तो कमी पडतो, मग आठवणींचे निरोप वाटेतच राहतात. हा फवारा त्याची नक्कल करतो. नवं औषध आहे, बघू या."

आणि मागच्या खेपेला त्या हसून म्हणाल्या होत्या, "थोडा फरक पडतोय हं."

घड्याळजी बरे व्हावेत असं त्यांना मनापासून वाटायचं. पण बरे झाले, की त्यांना कळणार, बायको गेली आणि ही भलतीच कोणीतरी आहे. मग सकाळी "अगं" म्हणून कोण हाक मारणार? आणि आपण कोणत्या तोंडानं खाली येणार?

आज दवाखान्यात नेहमीसारखंच झालं. डॉक्टरीणबाईंनी बाईंना कागदावर घड्याळ काढायला लावलं, आजचा वार विचारला. सोबतच्या माणसाची उत्तरं भरवशाची हवीत, म्हणून त्याचीही तपासणी करत असतील. बाईंनी कधी हरकत घेतली नव्हती.

"आणि काकू, हे तुमचे कोण?"

हा प्रश्न बाई दर वेळी "त्यांनाच विचारा" म्हणून टोलवायच्या. आज टोलवता येईना. खोटं बोलून माणूस बरा कसा होणार?

"डॉक्टर, मी यांची बायको नाही," त्या म्हणाल्या. घड्याळजींकडे बघायची हिंमत नव्हती. "मी वरच्या मजल्यावरची शिंपीण. हे माझे शेजारी. यांनी चुकून हाक मारली आणि मी ओ दिली. फसवायचं नव्हतं हो मला. पण आता यांना सोडून राहवत नाही. खूप आवडतात ते मला."

आता हे ओरडतील, रडतील, उठून जातील, म्हणून बाई अंग चोरून बसल्या. घड्याळजींनी फक्त त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळल्या. "काका, औषध चालू ठेवू या. सुरुवातीला काकू तुम्हाला चोर समजून आतून कडी लावून बसायच्या. आज काय म्हणाल्या, ऐकलंत ना?"

"ऐकलं तर!" घड्याळजींचे डोळे भरून आले होते, तरी मिशीत हसू मावत नव्हतं. "चोराचा शेजारी झालो, तोही आवडता. आता पुन्हा हिचा नवरा व्हायला अजून किती दिवस लागतील, डॉक्टर?"