बदली गाडी

कासच्या वाटेवर गाडी उभी करून कुमुदताईंनी शेगडी पेटवली आणि ओट्याखालून भडका उडाला. झोपायची, रांधायची सोय असलेली ती नवीकोरी कॅम्परव्हॅन दोघांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतली होती. विश्वासरावांनी दाराचा खटका ओढला, तर तो तुटून हातात आला. त्यांनी काच फोडून आधी बायकोला बाहेर काढलं. स्वतः निघेपर्यंत त्यांचे दोन्ही हात भाजले.

गॅसची नळी कारखान्यातच सैल बसवली होती, हे कंपनीनं मान्य केलं. बदली गाडी देऊ केली. अट एकच होती, कुठं वाच्यता करायची नाही. "कोर्टकचेरीचं बळ नाही आता," असं म्हणत विश्वासरावांनी होकार दिला.

हात बरे झाल्यावर दोघं गाडी घ्यायला शोरूममध्ये गेले. तिथं तसल्याच एका गाडीत एक तरुणी तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती आणि तिचा नवरा बाहेरून फोटो काढत होता. कुमुदताई काही बोलणार, तोच विश्वासराव पुढे झाले.

"पोरी, खाली उतर. अशाच गाडीत आम्ही जळून मेलो असतो. दार आतून उघडलंच नाही."

मॅनेजर धावत आला. "काका, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलेलं मोडलं. तुमची गाडी तुम्हीच ठेवा."

तरुणी घाईनं उतरली. तिच्या नवऱ्यानं मॅनेजरकडे पाहिलं. "मग किमतीत काही कमी कराल का?"

उत्तराची वाट न बघता ती बाळाला घेऊन फाटकाकडे चालू लागली.