उगवतीचं घर

सर्जेराव मॅनेजरनं बोटं चाटली अन् वांग्याच्या भाजीची वाटी पुन्हा जवळ ओढली. डबा बेबीनंदाचा, भाजी तिच्या आईच्या हातची, अन् दुपारची भूक मात्र रोज ह्या माणसाची. "काय हात आहे घरच्यांचा! आपल्या लोकांची चव लपत न्हाई, ताई," तो म्हणाला, अन् त्याच हातानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर टिचकी मारली. काचेवर तेलाचा ठसा उमटला. बेबीनंदानं तो रुमालानं पुसला.

जालना एमआयडीसीतली ही बियाण्याची कंपनी. ब्याण्णव साली मालकांनी हैदराबादहून कपाटाएवढा जुना मेनफ्रेम कॉम्प्युटर विकत आणला, अन् त्याला बोलतं करायचं काम नव्या प्रोग्रामरच्या, बेबीनंदाच्या गळ्यात पडलं. बी निवडायच्या शेडमध्ये दर हंगामाला शेकडो बाया लागायच्या. आता गेटवरचा कारकून पडद्यावरचा प्रश्न वाचणार, बाई उत्तर देणार, अन् त्या उत्तरावरून कॉम्प्युटरच पुढचा प्रश्न काढणार. अक्षरं इंग्रजी, पण बोली मराठी. 'नमस्कार बाई. गाव कोणतं?' मुकादमाची मर्जी नको, वशिला नको. तिची आई द्वारकाबाई अशाच एका शेडमध्ये मुकादमाच्या शिव्या खात राबली होती. म्हणून पोरीनं प्रश्न अगदी घरच्या माणसानं विचारावेत तसे लिहिले होते.

"एक प्रश्न वाढवा," सर्जेराव म्हणाला. "घर गावच्या कोणत्या अंगाला?"

"ते कशाला, साहेब?"

"घ्या! वेशीबाहेर, उगवतीच्या अंगाला कोणाची घरं असतात, ते आता मी सांगू का तुम्हाला? जात विचारली तर बोंब होईल. दिशा विचारायला कोणाच्या बापाची भीती? उगवती म्हणलं, की जागा न्हाई. विषय खतम. शेडमध्ये पाण्याचा माठ एकच आहे. बायांची कटकट कोण ऐकंल?"

"आडनाव विचारून राह्यलोच की आपण."

"आडनावात काय आहे? तुमचंच बघा. मोरे. मोरे आपल्यातबी आहेत अन् तिकडंबी. पण माणसानं तोंड उघडलं की मला कळतं. तुम्ही मुलाखतीला आल्त्या ना, तवाच मी ओळखलं, ही आपल्या घरातली पोरगी."

नोकरीला अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं. ह्या पगारावर आईनं शेड सोडली होती, धाकटा भाऊ परभणीला कॉलेजात गेला होता. एक शब्द बोलली की सगळं मातीत. तिनं मान खाली घातली अन् प्रश्न लिहिला. उत्तर उगवती आलं, तर मधले सगळे प्रश्न सोडून सरळ शेवटचा पडदा. काम एवढंसं. पण शिसारी अशी आली, की मोरीवर जाऊन ती हातांना साबण लावून आली. खुर्चीत बसली, पुन्हा उठली, पुन्हा धुऊन आली. थू तुझ्या शिक्षणावर, ती स्वतःलाच म्हणाली.

चारच्या सुमाराला मालक अप्पाराव आले. "चालवून दाखवा बरं," म्हणून खुर्ची ओढून बसले.

सर्जेरावला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "मोरेताई, कोणाचं खोटं नाव कशाला? तुमचंच भरा. साहेबांना खरं माणूस दिसू द्या."

तिनं नाव भरलं, वय भरलं, वाटूरकडचं आपलं गाव भरलं. मंग तो प्रश्न आला. उत्तराच्या जागी हिरवी रेघ लुकलुकत होती. मावळती लिहिलं असतं तरी कोणाला काय कळणार होतं? सर्जेरावनं तर आधीच तिला मावळतीला नेऊन बसवलं होतं. पण गेटवर द्वारकाबाई उभी असती, तर ती काय बोलली असती? तिनं खरंच सांगितलं असतं. आपल्या घराची दिशा कोणी खोटी सांगतं का?

बेबीनंदानं उगवती लिहिलं अन् बटण दाबलं.

'जागा नाही. आल्याबद्दल आभार.'

"हे काय?" अप्पारावांच्या कपाळावर आठी पडली. "प्रोग्राम चुकला का तुमचा?"

"न्हाई साहेब. जसा सांगितला होता, तसा बिलकुल बराबर चालून राह्यला."

मालकांनी पडद्याकडं बघितलं, मंग तिच्याकडं, मंग सर्जेरावकडं. सर्जेरावचं तोंड आधी पांढरं पडलं. मंग त्याची नजर टेबलावरच्या डब्यावर गेली, अन् हात आपोआप ओठांवर. तो तसाच उठून बाहेर पळाला. मोरीवरून चूळ भरल्याचा आवाज आला. खळखळ, थू. पुन्हा खळखळ, पुन्हा थू.

अप्पारावांनी घसा खाकरला. "हे बघा बाई, तुमच्याबद्दल आमचं काही न्हाई, पण..."

बेबीनंदानं डबा आवरला. सर्जेरावनं चाटूनपुसून साफ केलेली वाटी तिनं दोन बोटांत धरून कचऱ्याच्या टोपलीत टाकली, पिशवी खांद्याला लावली अन् बाहेर आली. सर्जेराव मोरीवर वाकून अजून थुंकतच होता. ती क्षणभर थांबली.

"नुसत्या पाण्यानं जात न्हाई, साहेब. तिथं साबण आहे. मघाशी मी त्यानंच हात धुतले."