घरघर

साखरपुड्यात हितेशकडच्यांनी साडीबरोबर लॅपटॉपही दिला, तेव्हा दिवा गावातली अख्खी आळी म्हणाली, कृतिकाने नशीब काढलं. पण महिना झाला नाही तोच लॅपटॉपच्या आतला फॅन पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. काही काम न करता नुसता उघडा ठेवला तरी थांबेना. तिने लॅपटॉपखाली दोन वाट्या पालथ्या घातल्या, घरातला टेबल फॅन त्याच्याकडे वळवून बघितला. हितेशला सांगितलं, तर तो म्हणाला, "राहू दे. कोणाला उघडायला देऊ नकोस. मी येईन तेव्हा बघतो."

शेवटी माजिवड्याची थोरली बहीण सोनल माहेरी आली. तिची नोकरीच कॉम्प्युटरची. लॅपटॉप मांडीवर ओढून तिने बराच वेळ काहीबाही उघडून पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"फॅनला काही झालेलं नाही गं. आत कॅमेरा चालू आहे. मी बंद करते, तो परत चालू होतो. या खोलीतलं सगळं कोणीतरी बघतंय."

कृतिकाने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. तिने कपाळावरची टिकली काढली आणि कॅमेऱ्याच्या बारीक भोकावर दाबून चिकटवली. फॅन घरघरतच राहिला.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. हितेशचा फोन. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"कृतिका, कपाळ असं मोकळं ठेवू नये गं. आमच्याकडे चालत नाही."