फळीची आतली बाजू

बोस्टनच्या गोदीत दोनशे वर्षांची लाकडी युद्धनौका डागडुजीला उभी होती. तिथल्या सुतारांची एक जुनी खोड होती. नवी फळी ठोकण्याआधी तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं मुकादमाच्या नावानं एक शिवी लिहायची, खाली आपलं नाव आणि तारीख टाकायची, आणि फळी बसवून मोकळं व्हायचं. पुढची पन्नास-साठ वर्षं ती शिवी कुणाच्या बापाला दिसत नसे.

बुधवारी सकाळी ऑर्विल सुतारानं इंडियानाच्या जंगलातून आलेला ओकचा अख्खा ओंडका करवतीखाली घातला. ओंडका चिरला, तर आतल्या ओल्या लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘कॉनरॉय मुकादम म्हणजे टोपीतला बोकड. – ऑर्विल.’ तारीख आजचीच.

“लाज वाटते का रे?” कॉनरॉय मागून कडाडला.

“आईशपथ मुकादम, मी नाही लिहिलं!”

“अक्षर कुणाचं?”

“अक्षर माझंच. पण हे मी जेवणानंतर लिहिणार होतो. अजून नुसतं मनात होतं!”

“मग काय झाडाच्या पोटात शिरून लिहिलंस?”

कॉनरॉयनं रागारागानं भुसा झटकला. खाली आणखी एक ओळ निघाली. ती वाचून त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“अरेच्चा, हे तर तुमचं अक्षर!” ऑर्विल खिदळला. “म्हणजे तुम्हीही लिहिता की!”

मग त्यानं वाकून वाचलं. ‘ऑर्विल भला माणूस होता. – कॉनरॉय.’ तारीख उद्याची, गुरुवारची.

तीस वर्षांत कॉनरॉयनं एकाही जिवंत माणसाला भला म्हटलं नव्हतं.