दोन मॉनिटर

पहिला मॉनिटर लगेच लागला, पण दुसरा काही केल्या लागेना. मेहुणा टेबलाखाली उताणा पडून केबल चाचपत होता. तो स्वतः शेजारी टॉर्च धरून वाकून उभा होता.

मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बायकोनेच भावाला बोलावलं होतं आणि मॉनिटरही तिनेच मागवले होते, नवऱ्याला न विचारता. त्याचा लॅपटॉप गेम खेळणाऱ्यांचा, जाडजूड. पण इमारतींची ड्रॉइंग्ज त्याच्यावर सरसर फिरायची.

"भाऊजी, ऑफिसच्या कामाला दोन पुरतील ना?"

"पुरतील," तो म्हणाला.

ऑफिस आता उरलंच नव्हतं. चाळीस दिवसांपूर्वी आर्किटेक्ट साहेबांनी त्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. पंधरा वर्षं त्याने तिथे मान मोडून काम केलं होतं. बायकोची ओळखही तिथलीच. शेजारशेजारच्या टेबलांवर ड्रॉइंग्ज काढता काढता दोघांचं जमलं. मुलगी झाल्यावर तिने काम सोडलं.

घरी त्याने सांगितलं, की आता घरूनच काम करायचंय. तेव्हापासून तो रोज नऊला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसायचा. जुन्या ड्रॉइंगमधल्या भिंती पाडायचा, पुन्हा उभ्या करायचा. बायको पावलं न वाजवता चहा ठेवून जायची आणि बाबा कामात आहेत म्हणून मुलीला गप्प करायची. त्या वेळी त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोष अखेर सापडला. ज्या पोर्टला केबल लावली होती, तिथून नुसतं चार्जिंग व्हायचं. चित्र जायचंच नाही. मेहुण्याने ती मागच्या पोर्टला लावली आणि दुसरा मॉनिटर उजळला. दोन्हीकडे एकच चित्र दिसत होतं, तेही त्याने सेटिंगमध्ये जाऊन पसरवून दिलं. माउसचा बाण एका मॉनिटरमधून दुसऱ्यात सुळकन गेला.

"न्हालं एकदाचं घोडं गंगेत," मेहुणा म्हणाला. ताई तुमच्यासाठी किती करते, असंही जाता जाता म्हणाला.

मेहुणा गेल्यावर मात्र त्याला राहवेना.

"ऐक," तो बायकोला म्हणाला. "मला कामावरून काढलंय. चाळीस दिवस झाले. तुला सांगायची लाज वाटत होती."

ती रिकामी खोकी चपटी करत होती. तिचे हात थांबले.

"माहीत आहे मला."

त्याची कानशिलं तापली. म्हणजे रोजचं ते सोंग ती उघड्या डोळ्यांनी बघत होती. तो चाचरत माफी मागू लागला, तसं तिने त्याला थांबवलं.

"माफी मागू नकोस. हे मॉनिटर माझ्यासाठी आहेत. ऑफिसचं नवं काम सोमवारी सुरू होतंय. तुझ्या जागेवर मी आहे. घरूनच करायचंय."

तो मटकन खुर्चीत बसला. लाज होतीच, पण छातीवरचा दगडही उतरला होता. आपण बुडालो, हिने सावरलं. साहेबांना निदान तेवढी तरी माणुसकी सुचली, असं त्याला वाटलं.

"त्यांनी तुला कधी विचारलं? मला काढल्यावर लगेच?"

ती खोक्याकडेच बघत राहिली. मान काही वर झाली नाही.

"आधी," ती म्हणाली. "मी हो म्हणाले, मगच त्यांनी तुला काढलं."