ढीग नसलेलं भोक

गावात नवी आलेली ती पोरगी, टेसा, रोज दुपारी आली, तर रादोमिरच्या पदरात काय पडणार होतं? कॉफी दोन कपांची करावी लागली असती, आणि बोलताना समोर भिंतीऐवजी माणूस बसला असता. बदल्यात तिला हवं होतं ते अगदीच फुकटातलं: मंगळाचे फोटो पाहायचे आणि काय दिसतं ते सांगायचं. सौदा फायद्याचा होता. रादोमिर तोट्याचा सौदा करत नाही, असं ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं सगळं कूबर पीडी गाव म्हणायचं. कौतुकानेच म्हणायचं असं नाही.

त्याचं घर ओपलची रत्नं खणणाऱ्या इतरांसारखंच, टेकडीच्या पोटात. दिवाणखाना मात्र इतरांसारखा नव्हता. लग्नाचं वऱ्हाड मावेल एवढा, खडकातच कोरलेल्या बाकांचा. भागीदार वेलिमिर ज्या वर्षी निघून गेला, त्याच वर्षी त्याने तो खोदून घेतला. पाहुण्यांसाठी. पाहुणे रस्त्यातच खुशाली विचारून पुढे सटकत.

पहिल्या दिवशी त्याने आपल्या सर्बियन रीतीने तिच्यापुढे आलुबुखाराचा मुरंबा, चमचा आणि पाणी ठेवलं. इकडची माणसं इथे हमखास चुकतात, बरणी साफ करायला बसतात. टेसाने एकच चमचा खाल्ला, पाणी प्यायली आणि उष्टा चमचा रिकाम्या पेल्यात ठेवला.

"हे कुणी शिकवलं गं तुला?"

"आमच्या घरात एक सर्बियन बाई होत्या. भारी कडक."

मग तिने फोटो पसरले. सगळे काळे-पांढरे.

"रंग नाहीत?"

"आकार पाहायचा तर रंग नसलेले बरे. ह्यावरून शास्त्रज्ञांची भांडणं चाललीयत, काका. कुणी म्हणतं चिखलाचे ज्वालामुखी, कुणी म्हणतं आतल्या बर्फाने जमीन फुगली. म्हटलं, ज्यांचा जन्म भोकांत गेला त्यांना विचारू."

"हे तर नुसते खड्डे."

"कागद फिरवा. उजेड वरून आला पाहिजे, नाहीतर डोळा टेकडीचा खड्डा करतो."

त्याने कागद फिरवला. खड्डे टपाटप वर आले आणि टेकड्या झाले. तो पोरासारखा हसला. त्या घरात हसण्याचा आवाज कसा घुमतो, हे तो विसरून गेला होता.

हे फोटो गावातल्या बारमध्येही फिरले. ग्रीक स्टेलियोसला त्यात मधमाश्यांची पोळी दिसली, पाद्रीबाबांना थडगी. रादोमिर म्हणाला, "खणलंय कुणीतरी."

"मग जा ना मंगळावर!" स्टेलियोस ओरडला. "तिथे तरी मिळेल तुला भागीदार!"

अख्खा बार हसला. रादोमिरने ग्लास तसाच ठेवला आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी टेसा भिंतीवरच्या फोटोपुढे उभी होती. एट माइल नावाच्या खाणींच्या माळावर दोन तरुण, मागे जुनी बस.

"हा वेलिमिर. झोपायचो त्या बसमध्येच. बस अजून गंजत पडलीय तिथे. आणि हा पठ्ठ्या आम्हाला सापडलेला मोठा ओपल घेऊन गेला अ‍ॅडलेडला, बायकोकडे. माझ्या वाट्यासकट. एक पत्र नाही लेकाचं."

"आठवण येते?"

"संध्याकाळी येते," रादोमिर म्हणाला. हे मात्र अगदी खरं होतं.

शेवटच्या दिवशी तिने एकच फोटो आणला. मुरंब्याला हात लावला नाही. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

"याच्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही, काका. तुम्हाला काही सुचलं तर मला परत यावंच लागेल."

रादोमिरने चष्मा सदऱ्याला पुसला. माळभर भोकं, आणि प्रत्येक भोकापाशी ढीग. कोपऱ्यात एक दगड. त्याने टेबलावर थाप मारली.

"म्हटलं नव्हतं! खणलंय! आण त्या स्टेलियोसला!"

"आणि हे?" तिचं बोट एका फिकट वर्तुळावर होतं.

त्याने कागद नाकाशी नेला. "इथेही भोक होतं. ही बघ ढिगाची बैठक. ढीग परत आत लोटलाय."

"तुमच्याकडे लोटतात असे?"

"छे! रस्त्यावरच्या पाट्या नाही वाचल्यास? 'उलट्या पावलांनी चालू नका.' सगळी भोकं उघडी. आमच्यात भोक बुजवायची हौस कुणाला?"

"मग याने का बुजवलं?"

ती थांबली. इतकं मन लावून त्याचं उत्तर कित्येक वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

"एकच कारण. आत काय आहे ते कुणी पाहू नये."

"काय असेल?"

"मंगळावरचं मला काय ठाऊक?" त्याने डोळा मारला. मग ऐट आवरेना. "पण काम एकट्याचं. दोघं असते तर दोन्हीकडून लोटला असता. हा एकाच अंगाने ओढलाय. घाईघाईत."

टेसाने मान डोलावली. "आता कागद फिरवा, काका."

त्याने फिरवला. खड्डे आणि ढीग नुसते जागा बदलून बसले, माळ दिसायला तोच. कोपऱ्यातला दगड तेवढा बदलला. त्याच्या कडा सरळ निघाल्या, बाजूला लांबट सावली पडली, सावलीत खिडक्यांची ओळ. आपला माळ त्याने जन्मात कधी वरून पाहिला नव्हता. त्याने भिंतीवरच्या फोटोतल्या बसकडे पाहिलं आणि कागद पालथा ठेवला.

"विमानातून काढलाय," टेसा म्हणाली. "त्या सर्बियन बाई माझी आई. अ‍ॅडलेडला अजून रोज टेबलावर एक ताट जास्तीचं मांडते."

तिने फोटो पिशवीत घातला. दाराशी जाऊन ती वळली आणि रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली.

"दिवाणखाना छान झालाय, काका. पैसे माझ्या बाबांनीच भरले ना?"