कुंकवाखालचा डोळा

हौसाक्काची चार्जिंगला लावलेली रिक्षा अंगणात जळून कोळसा झाली होती, आणि भिंतीवरचा बॅटरीची आग विझवणारा सिलिंडर मात्र भरलेलाच होता. बॅटरी तापताना दिसली की तो आपणहून गार फवारा सोडायचा. माणसाला धावावंच लागत नसे.

सिलिंडर बसवणाऱ्या कंपनीच्या साळोखेसाहेबांनी सिलिंडरच्या काचेच्या डोळ्यावर बोट ठेवलं. "कुंकू! डोळाच झाकलात, बाई. भरपाई नाही मिळायची."

"खंडेनवमीला घर राखणाऱ्याला कुंकू लावायचं नाही, तर कुणाला लावायचं?" हौसाक्का उसळली. "विळीला लावलं, शिलाईच्या मशीनला लावलं, रिक्षाच्या चाकाला लावलं. कुणी रुसून काम सोडलं नाही!"

"सगळीकडं असंच होतं हो. गेल्या दसऱ्यालाही झालं होतं."

"म्हणजे वर्षभर ठाऊक होतं? आणि एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"वरून तशी सूचना नव्हती."

"आम्ही त्याला आंधळं केलं, ते मायेनं. तुम्ही डोळे असून गप्प बसलात!"

गल्लीत दारोदारी रिक्षा चार्जिंगला लावलेल्या होत्या, आणि दारोदारी सिलिंडरच्या डोळ्यावर कालचं कुंकू अजून तसंच होतं. हौसाक्कानं पदर घागरीत बुडवला आणि ती शेजारच्या दारात धावली.